माइकचा ‘झटका’ थट्टेवारी नेऊ नका

गणपतीत आपल्या रत्नागिरीत वाडीवाडीत जाखडी रंगते. माइकला ओठ लागून शाहिराला झिणझिण्या आल्या, की लोक हसतात. वास्तविक ती धोक्याची सूचना असते. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसेल, तर 230 व्होल्ट माइकच्या जाळीपर्यंत पोहोचतात. ओले अंगण, घामेजलेला हात, अनवाणी पाय असले, की अवघे 50 मिलिअँपिअरही हृदयाची लय बिघडवू शकतात.

माझे स्पष्ट मत असे, की अर्थिंगची पिन मोडलेला प्लग मंडळांनी चालवूनच घेऊ नये. 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारा ब्रेकर बसवावा.

कुणाला धक्का बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच त्याला हात लावा. श्वास थांबला असल्यास छाती दाबत राहा. दुसऱ्याने 108 क्रमांक फिरवावा.