‘जाते’ नव्हे, ‘येते’

मराठी घराच्या उंबऱ्यावरून कोणी ‘मी जातो’ म्हणत नाही. एखाद्या मुलाच्या तोंडून चुकून तसे निघालेच, तर आजी आतूनच ओरडते, ‘जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं!’ मग हातावर दही ठेवले जाते, देवाला नमस्कार होतो आणि मगच पाऊल बाहेर पडते. जबलपूरच्या सदर भागातील मराठी घरांत दिवसभर कानांवर हिंदी पडत असली, तरी निरोपाच्या वेळी ओठांवर हाच शब्द येतो.

परदेशातून आलेली एखादी मुलगी हा शब्द शिकते, तेव्हा मात्र त्याचा अर्थ जरा अवघड होतो. समजा, विशीतली एक मुलगी चर्चच्या एखाद्या वसतिगृहात सहा महिने सेवा करायला आली आहे. तिने मुलांना गाणी शिकवली, वह्या तपासल्या, तापात कपाळावर घड्या ठेवल्या. आता तिचा मुक्काम संपला. शेवटच्या संध्याकाळी मुले तिच्याभोवती कोंडाळे करतात आणि विचारतात, ‘दीदी, फिर कब आओगी?’ शेजारच्या मराठी काकूंनी शिकवलेला शब्द आठवून ती हसत म्हणते, ‘येते हं!’

तिच्या मनात कपट मुळीच नसते. पण तिकीट परतीचे असते आणि पुढच्या महिन्यात तिचे कॉलेज सुरू व्हायचे असते. काकूंच्या लेखी ‘येते’ हा शुभशकुनाचा शब्द, तर सात वर्षांच्या मुलाच्या लेखी ते वचन. मग या दोघांच्या मधला निरोप नेमका कसा घ्यावा?

सदरला निरोप नवा नाही

खरे तर निरोप कसा घ्यावा, हे सदरला कोणी शिकवायला नको. ही छावणीची वस्ती आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटची केंद्रे जबलपुरात आहेत. लष्करी माणूस दोन-तीन वर्षांसाठी येतो, मुले शाळेत रुळतात, शेजारणींची गट्टी जमते आणि एक दिवस बदलीचा हुकूम येतो. पांढऱ्या अक्षरांत नाव रंगवलेल्या काळ्या ट्रंका ट्रकवर चढतात आणि घर रिकामे होते. अशा वस्तीतली मुले लहानपणीच शिकतात, की मैत्रिणीचा पत्ता नेहमी पेन्सिलीने लिहावा.

शहराचे रेल्वे स्टेशनही असेच. मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग मार्च १८७० मध्ये जबलपूरलाच एकमेकांना मिळाले. तेव्हापासून या फलाटावर किती रुमाल हलले असतील, याची गणती कोणी करावी?

येथील चर्चचा इतिहासही निरोपाशीच जोडलेला आहे. १९३२ साली जबलपूरच्या कॅथलिक मिशनचे काम हॉलंडमधून आलेल्या नॉर्बर्टाइन संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवण्यात आले. १९५४ मध्ये येथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याच संघाचे कॉनराड डुबेलमन पहिले बिशप झाले. त्या काळी अशी माणसे घर सोडत ती जवळजवळ जन्मभरासाठीच. आईवडिलांना निरोप दिला जाई तो हॉलंडमध्ये. इथे आल्यावर मग निरोपाचा प्रश्न सहसा उरतच नसे. माणूस इथलीच भाषा शिके, इथेच म्हातारा होई.

आज हे चित्र उलटे झाले आहे. परदेशी तरुण काही महिन्यांसाठी येतात. उदाहरणार्थ, जर्मनीने २००८ साली ‘वेल्टवेर्ट्स’ ही योजना सुरू केली. तिच्यात अठरा ते अठ्ठावीस वर्षांचे तरुण सहा ते चोवीस महिने परदेशात स्वयंसेवा करतात. त्यांना पाठवणाऱ्या संस्थांत चर्चशी संबंधित संस्थाही आहेत. अशा तरुणाच्या घरच्यांना फारशी चिंता नसते, कारण तो परत येणार हे ठरलेलेच असते. खरा निरोप आता घडतो तो सेवेच्या ठिकाणी, आणि त्याचे ओझे पडते ते मागे राहणाऱ्यांवर.

पन्नास हातांतून गेलेले मूल

हे ओझे किती असते? लहान मुलांच्या बाबतीत त्याचा बराच अभ्यास झालेला आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. मुलाला एका ठरावीक, मायेच्या माणसाचा सतत सहवास लागतो, हे त्यांनी त्यात आग्रहाने मांडले. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी एक चित्रपट तयार केला. रुग्णालयात आठ दिवस राहिलेली दोन वर्षांची मुलगी आईविना कशी कोमेजत जाते, हे त्यात दिसते. ती फारशी रडत नाही आणि म्हणूनच पाहणाऱ्याच्या पोटात तुटते.

त्यानंतर बार्बरा टिझर्ड यांनी लंडनच्या बालसदनांतील मुलांचा अभ्यास केला. ही सदने स्वच्छ होती, खेळणी-पुस्तके भरपूर होती. पण माणसे सारखी बदलत होती. मूल चार वर्षांचे होईपर्यंत त्याला सरासरी पन्नास जणांनी सांभाळलेले होते! यातली काही मुले अनोळखी पाहुण्यालाही लगेच बिलगत. पाहुण्याला वाटे, किती प्रेमळ मूल आहे! वास्तविक सगळ्यांच्याच गळ्यात पडणाऱ्या त्या मुलाला हक्काचे असे एकही माणूस मिळालेले नसते.

आता आपल्या वसतिगृहातल्या मुलीकडे पुन्हा पाहू या. तिच्या आयुष्यातला हा पहिला मोठा निरोप. पण त्या मुलांच्या आयुष्यात तिच्याआधीही एखादी दीदी येऊन गेलेली असू शकते आणि तिच्यानंतरही येईल. विमानात ती रडेल, घरी गेल्यावर तिला जवळ घेणारी आई असेल. त्या मुलांचे काय?

म्हणूनच अलीकडे जगभर याविषयी सावधपणा आला आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा परदेशी पाहुण्यांना दाखवण्यासाठी मुलांना अनाथालयांत आणण्याच्या प्रकाराचीही दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीचा उल्लेख केला. अर्थात, सेवाच करू नये असा याचा अर्थ नव्हे. थोड्या दिवसांच्या पाहुण्याने मुलाची आई होऊ नये, एवढाच याचा अर्थ. मुलाला रोज भरवणाऱ्या, निजवणाऱ्या बाई मात्र तिथल्या कायमच्या असाव्यात. पाहुण्याने त्या बाईंचे काम हलके करावे.

न्याहारीच्या वेळचा निरोप

सदरहून स्टेशनवर जाऊन हावडा मेलमध्ये बसले, की दुसऱ्या दिवशी कोलकाता येते. मदर तेरेसांनी १९५० साली स्थापन केलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या तेथील मुख्य घरात देशोदेशींचे स्वयंसेवक येतात. कोणी एक आठवडा, तर कोणी सहा महिने. सकाळी चहा, पाव आणि केळे अशी साधी न्याहारी होते आणि मग सगळे आपापल्या कामाला निघतात. कपडे धुणे, भांडी घासणे, आजाऱ्यांना भरवणे अशी ही कामे. ज्यांचा तो शेवटचा दिवस असेल, त्यांना मध्ये उभे करून बाकीचे आभाराचे एक छोटेसे गाणे म्हणतात. भाषण नाही, हार नाही. पाच मिनिटांत निरोप आटोपतो आणि सगळे पुन्हा कपड्यांच्या ढिगाकडे वळतात.

या साधेपणात मोठे शहाणपण आहे. जाणाऱ्याचे कौतुक होते, पण काम त्याच्यासाठी थांबत नाही. मात्र हा झाला स्वयंसेवकांचा आपापसातला निरोप. खाटेवरच्या ज्या आजीला रोज त्याच हातांनी भात भरवला, तिच्यापाशी दोन मिनिटे बसून, तिचा हात हातात घेऊन ‘उद्यापासून मी नसेन’ हे सांगणे ज्याचे त्यालाच करावे लागते. सगळ्यांत जड काम तेच.

जे उरले ते कोणाच्या हाती?

याबाबत महाराष्ट्रातील एक जुने उदाहरण सांगण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी, श्रमातून देशादेशांत सलोखा व्हावा म्हणून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही चळवळ सुरू केली. त्यांचे पहिले शिबिर १९२० च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावी भरले. शिबिरात काही जर्मन होते. गावातल्या लोकांना ते रुचेना आणि काही महिन्यांतच सर्वांना तेथून निघावे लागले. निरोपाची ही कडवट बाजू! तरीही चळवळ थांबली नाही. १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारमध्ये घरे बांधायला आले.

याच संस्थेचे तरुण पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले. वरोरा आणि जबलपूर तेव्हा एकाच मध्य प्रदेश राज्यात होते. निरनिराळ्या देशांतील सुमारे पन्नास तरुण तीनेक महिने राहिले. त्यांनी कुष्ठरुग्णांच्या खांद्याला खांदा लावून माती वाहिली, दवाखान्याच्या भिंती उभारल्या. गोरी पोरे न घाबरता तिथे राहतात, जेवतात, हे पाहून आसपासच्या लोकांची भीती चेपू लागली.

मग ते तरुण निघून गेले. पण काम त्यांच्याबरोबर गेले नाही. ज्यांनी त्यांच्याबरोबर माती वाहिली, त्यांनीच पुढे विहिरी खणल्या, शेती पिकवली आणि वरोऱ्याच्या मुलांसाठी कॉलेजची इमारतही उभारली. पाहुणे गेल्यावर यजमानाचे हात अधिक बळकट झाले असतील, तर तो निरोप सार्थकी लागला म्हणायचा.

मिरजेचे डॉ. विल्यम वानलेस यांनीही हेच केले. १८८९ साली भारतात आलेले हे मिशनरी डॉक्टर १९२८ मध्ये भारत सोडून गेले. जवळजवळ चाळीस वर्षांनी माणूस गेल्यावर रुग्णालयाला कुलूपच लागायचे. पण त्यांनी आधीच इथल्या तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले होते. डॉक्टर गेले, दवाखाना चालू राहिला.

निरोप घेताना

काही महिन्यांसाठी सेवेला जाणाऱ्याने आणि त्याला ठेवून घेणाऱ्यानेही काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर निरोप सोपा होतो.

जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलांकडूनच त्या दिवसाभोवती गोल काढून घ्यावा. मुलांना निरोपापेक्षा फसवणूक जास्त लागते.

शेवटचे तीन आठवडे नवे काही सुरू करू नये. हातातले काम दुसऱ्याला शिकवावे. वाचनालयाची नोंद दीदी ठेवत असेल, तर आता नववीतल्या मुलीने ती ठेवावी आणि दीदीने फक्त शेजारी बसावे.

पहाटे मुले झोपेत असताना गुपचूप निघू नये. ‘रडतील’ म्हणून आपण टाळतो. पण सकाळी उठून रिकामी खाट पाहणारे मूल रडतेच आणि शिवाय विश्वासही गमावते.

एखाद्याच लाडक्या मुलाला महागडी भेट देऊ नये. द्यायचेच तर सगळ्यांच्या उपयोगाचे द्यावे. यजमानांनीही विमानातल्या सामानाच्या मर्यादेचा विचार करावा. भेडाघाटची संगमरवरी मूर्ती सुंदर खरी, पण जड आणि नाजूकही! त्यापेक्षा मुलांनी काढलेले एक चित्र हलके आणि मोलाचे.

जे पाळता येईल तेवढेच वचन द्यावे. ‘दर आठवड्याला फोन करीन’ यापेक्षा ‘नाताळला पत्र पाठवीन’ हे बरे. आणि मग ते पत्र खरोखर पाठवावे.

परतणाऱ्याच्या घरच्यांसाठीही एक गोष्ट. परदेशी जाताना माणूस जसा बावरतो, तसाच परत आल्यावरही बावरतो, असे अमेरिकेतील गलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्येच दाखवून दिले होते. आपलेच घर, आपलेच ताट, पण मन तिकडे. आपली मुले सोमनाथच्या श्रमशिबिराहून परतली, की दोन दिवस गप्पगप्प असतात, त्याचे मोठे रूप ते हेच. ‘कसं होतं तिकडे?’ एवढे विचारून थांबू नये. त्या मुलांची नावे विचारावीत. एकेक नाव घेताना मन आपोआप मोकळे होते.

राहता राहिला आजीचा शब्द. तो चुकीचा मुळीच नाही. आजी ‘येतो म्हण’ म्हणते, तेव्हा ती तारीख मागत नसते. नाते तोडून जाऊ नकोस, एवढेच तिला सांगायचे असते. मोठ्यांना ते कळते. लहानांना मात्र नीट उलगडून सांगावे लागते. ‘मी उद्या जाणार आहे. पुन्हा येईन की नाही, ते मला ठाऊक नाही. पण नाताळला माझे पत्र येईल, आणि वाचनालयाची किल्ली आजपासून ताईकडे आहे.’

हे ऐकून मुले रडतील. रडू द्यावे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नववीतली ताई किल्लीने कपाट उघडेल, वही काढेल आणि विचारेल, ‘कोणाला कोणतं पुस्तक हवंय?’ तेव्हा डोळे पुसत का होईना, एखादे पोर पुढे येईलच.