एक गज रूळ आणि नऊशे रुपये मात्र

माझ्याकडे क्रेडिट कार्ड नाही. हे वाक्य एकदा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोठ्यांदा म्हणून बघा. लोक आधी हसतात, मग गप्प होतात आणि शेवटी ‘सिबिल खराब आहे का गं?’ असं इतक्या मायेनं विचारतात, की जणू काही डॉक्टरांनी आशा सोडलीये!

सिबिल ठणठणीत आहे, मंडळी. कार्ड का नाही, ते पुढे येईलच. आधी रुळांबद्दल बोलू.

गेल्या दिवाळीनंतर आई-बाबा डोंबिवलीचं बिऱ्हाड आवरून पुण्यात माझ्याकडे राहायला आले. टेम्पोतून आलेल्या सामानात चार फूट बाय सहा फुटांची एक प्लायवूडची फळी होती, जुन्या चादरींत गुंडाळलेली. ही बाबांची आगगाडी. १९८८ साली आमच्या बिल्डिंगमधले एक काका बोटीवर इंजिनीअर होते, त्यांनी अमेरिकेतून आणून दिली. त्या काळात परदेशातून काही मागवायचं म्हणजे डॉलर कुठून आणायचे हा पहिला प्रश्न. फेरा कायद्याचा जमाना होता तो! म्हणून मग बोटीवरचे काका. बाबांनी त्यांना रुपयात किती दिले, हे आईला अजूनही कळलेलं नाही.

बाबा एकतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी लोकलला लटकत गेले. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवून पलंगाखालून ती फळी ओढायचे. आई म्हणायची, ‘दिवसभर गाडीनं छळलं ते कमी झालं का?’ पण आईचं कोण ऐकतंय! मला तर ती फळी म्हणजे जगातलं सगळ्यात भारी गाव वाटायचं. पुठ्ठ्याचं स्टेशन, लाकडाच्या भुशाची हिरवळ आणि भोवती गोल फिरणारी गाडी. पुण्याला मावशीकडे आलो की कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघायचा हट्ट माझा नाही, बाबांचा असायचा. १९९८ साली सुरू झालेल्या त्या म्युझियममध्ये आम्ही किमान पाच वेळा तरी गेलो असू. दरवेळी बाहेर पडताना बाबा म्हणायचे, ‘आपली छोटी आहे, पण आपली आहे.’

तर टेम्पोवाल्यांनी त्या फळीवर मिक्सरचं खोकं आणि त्यावर गहू-तांदळाचे डबे ठेवले होते. चादर उघडली तेव्हा लागोपाठची दोन वळणं आणि त्यापुढचा एक सरळ तुकडा चेपला होता. रूळ वाकलेले, खालचे प्लास्टिकचे स्लीपर तुटलेले. बाबा बघत राहिले आणि म्हणाले, ‘राहू दे गं. बघू नंतर.’

हे ‘नंतर’ तीन महिने चाललं. मला वाटलं, नव्या घरात रुळताहेत. (हो, रुळताहेत!) मग एक दिवस सकाळी चहा देताना बशीत कप खडखडताना ऐकला. बाबांनी पटकन दुसरा हात लावला आणि पेपरात डोकं घातलं. जो माणूस केसाएवढ्या वायरला डाख द्यायचा, त्याचा हात आता कपसुद्धा स्थिर धरत नव्हता. आणि हे त्यांना माझ्यापासून लपवायचं होतं.

मी ठरवलं, रूळ मीच बदलणार.

मग थोडा अभ्यास केला. बाबांची गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीांश. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. याला ८७ नं गुणलं की साधारण १४३५ येतं, म्हणजे अमेरिका-युरोपातला स्टँडर्ड गेज. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. थोडक्यात, ही गाडी कितीही वर्षं पलंगाखाली राहिली तरी डोंबिवलीची नव्हेच! रुळाच्या उंचीला ‘कोड’ म्हणतात. कोड १०० म्हणजे इंचाचा दहावा भाग, २.५४ मिलिमीटर. बाबांचे रूळ कोड १०० चे. मी ऐटीत कोड ८३ चे निवडून बसले होते. ते दिसतात जास्त खरे, पण दोन उंचीचे रूळ जोडायला वेगळे जोड लागतात, नाहीतर सांध्यावर पायरी तयार होते आणि गाडी तिथेच लोळण घेते.

दुसरी गंमत धातूची. जुने रूळ पितळेचे. पितळ काळवंडतं आणि त्या थरातून वीज नीट जात नाही, म्हणून बाबा दर रविवारी खोडरबरनं रूळ घासत बसायचे. (एकदा आईनं मदत म्हणून चिंच लावून घासले. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.) हल्ली निकेल सिल्व्हरचे रूळ मिळतात. नाव ऐकून दचकू नका, त्यात चांदी नावालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. आज्जीच्या हळदी-कुंकवाच्या करंड्याचं जर्मन सिल्व्हर, तेच हे.

अमेरिकेतल्या एका दुकानात हवा तसा रूळ सापडला. सात-आठ डॉलरचा एक तुकडा, एक गज लांब. पोस्टेज बघितलं तर पन्नासच्या पुढे, कारण एवढं लांब पार्सल. बरं, तेही देऊ म्हटलं. पण द्यायचं कसं?

यूपीआय नाही. २०२४ पासून पॅरिसला आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयनं काढता येतं, पण मला टॉवर नको होता, रूळ हवा होता. डेबिट कार्ड टाकलं, नाकारलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डाचे परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, आपण ते चालू करायचे असतात. अॅपमध्ये शोधलं तर माझं कार्ड फक्त देशात चालणारं निघालं! बँकेत गेले. काउंटरवरची ताई म्हणाली, परदेशी पैसे पाठवता येतील, ए-टू फॉर्म भरा, पॅन द्या, कशासाठी ते लिहा. मी लिहिलं, ‘खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ.’ तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि चार्जेस सांगितले. ते रुळाच्या किमतीपेक्षा जास्त होते. न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणाला, ‘मी घेऊन ठेवतो ना, येताना आणतो.’ तो येणार डिसेंबरात.

शेवटी शेजारच्या डेस्कवरचा मित्र वैतागला. ‘अगं, माझ्या कार्डावर मार आणि मला जीपे कर. दोन मिनिटांचं काम!’ त्यानं कार्ड काढून माझ्या कीबोर्डवर ठेवलंसुद्धा.

आता ती जुनी गोष्ट.

२०१९. पहिली नोकरी, हिंजवडी, वय तेवीस, हातात पहिलं क्रेडिट कार्ड. फोन घेतला, शूज घेतले, गोव्याला गेले, टीममधल्या सगळ्यांना ट्रीट दिली. बिलावर दोन आकडे असायचे आणि मी प्रामाणिकपणे त्यातला छोटा भरायचे. ‘मिनिमम ड्यू’ भरला म्हणजे बिल भरलं, असं मला खरंच वाटायचं. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांना अजूनही वाटतं! उरलेल्यावर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. शिवाय बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही जातात, कार्ड घासल्या दिवसापासून मीटर चालू. वर्षभरात आकडा एक लाख बारा हजारांवर गेला. वसुलीवाल्यांचा फोन डोंबिवलीच्या लँडलाइनवर गेला आणि बाबांना कळलं.

बाबा ओरडले नाहीत. एफडी मोडली, पैसे भरले. मी आईच्या दुधाच्या पिशवीच्या कात्रीनं त्यांच्यासमोर कार्डाचे चार तुकडे केले. बाबा म्हणाले, ‘झालं. आता चहा घे.’ बस्स, एवढंच.

म्हणजे, मला वाटत होतं एवढंच. टेम्पोतलं सामान लावताना इंजिनांच्या खोक्यांपैकी एक रिकामं निघालं. काळ्या वाफेच्या इंजिनाचं, माझ्या सगळ्यात लाडक्या इंजिनाचं. मी आईला विचारलं. आई कढई लावता लावता सहज बोलली, ‘ते होय? ते तेव्हाच गेलं ना. एफडी मोडून अकरा हजार कमी पडत होते. इंजिन आणि सहा डबे, दादरचा कोणीतरी घेऊन गेला.’

म्हणून मित्राचं कार्ड मी उचलून त्याला परत दिलं. तसं बघितलं तर काहीच बिघडत नव्हतं, पैसे लगेच वळते केले असते. पण नाही जमलं, राव.

आणि मग, नेहमी होतं तसं, गोष्ट लंच टेबलावरच सुटली. एक मैत्रीण म्हणाली, ‘आमच्या सासऱ्यांकडे असले रूळ पोतंभर पडलेत.’

सासरे नारायण पेठेत, लाकडी जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी माळ्यावरून एक लांब पीव्हीसी पाइप काढला, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले गजभर लांबीचे रूळ. निकेल सिल्व्हर, कोड १००, हवे तसे वाकणारे! मी मनात हिशेब केला. माझी दोन वळणं मिळून एकोणीस इंच, सरळ तुकडा नऊ इंच, एकूण अठ्ठावीस. गज म्हणजे छत्तीस. एका तुकड्यात काम भागणार होतं.

‘नऊशे रुपये,’ काका म्हणाले. ‘जोड देतो, इस्त्री देतो. इस्त्री परत हवी.’ (इस्त्री म्हणजे चाळीस वॅटची सोल्डरिंगची.) मी फोन काढला. ‘ते स्कॅनबिन नाही आपल्याकडे. एकदा फसलोय. रोख नाहीतर चेक.’ पर्समध्ये दोनशे दहा रुपये होते. एटीएम शोधायला निघाले तर म्हणाले, ‘चेकच आण गं. नोंद राहते.’

मी आयुष्यात चेक लिहिला नव्हता. चेकबुक मागवलं, चौथ्या दिवशी आलं. पहिल्या चेकवर ‘नऊशे’ची खाडाखोड झाली. काका म्हणाले, खाडाखोड चालत नाही, तारीख सोडून काही बदललं तर क्लिअरिंगला परत येतो. दुसऱ्यावर सही चुकली, कारण खातं उघडताना मी कशी सही केली होती हेच आठवेना. तिसरा जमला. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा, ‘रुपये नऊशे मात्र’. काकांनी तो चष्म्याच्या वरून, मग खालून तपासला आणि मला चक्क पावती दिली.

शनिवारी बाबांना स्टुलावर बसवलं. ‘तुम्ही सांगा, मी करते.’ आधी नको नको म्हणाले, मग पाचव्या मिनिटाला खुर्चीच मागवली, स्टुलावरून नीट दिसत नाही म्हणून.

बाबांनी खडी चिकटवायला साधा फेविकॉल पाण्यात मिसळून वापरला होता. त्यामुळे कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून फवारलं आणि अर्धा तास थांबलं की सगळं मऊ पडतं. पुट्टीच्या पत्र्यानं जुना रूळ अलगद उचलला. नवा रूळ वळणावर वाकवला की आतला रूळ बाहेर येतो, कारण आतल्या बाजूचं अंतर कमी असतं. तेवढा कापायचा. खरी मेख पुढे. दोन्ही बाजूंचे रूळ जागेवर पक्के असताना मधला तुकडा जोडात सरकवणार कसा? बाबा म्हणाले, ‘कडेचे दोन स्लीपर काढ. जोड पूर्ण नव्या रुळावर सरकव. तुकडा बसव. मग जोड अर्धा मागे ओढ.’ हे त्यांनी हातानं करून दाखवलं, हवेत. हात थरथरत होता आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही.

डाख बाहेरच्या बाजूनं द्यायचा, आतून चाकाची कड जाते. तीन सेकंदांत उरकायचं. मी सात लावले आणि दोन स्लीपर वितळले. ‘होतं,’ बाबा म्हणाले. ‘माझे पहिल्यांदा सहा गेले होते.’ एक सांधा त्यांनी मुद्दाम डाखाविना ठेवायला लावला. पावसाळ्यात फळी फुगते, उन्हाळ्यात रूळ वाढतो, कुठेतरी जागा हवी.

उरलेलं डिझेल इंजिन ठेवलं. बाबांनी रेग्युलेटर माझ्या हातात दिला, मग परत घेतला. गाडी निघाली. नव्या वळणावर आली, थोडी डुलली आणि पार झाली. सुट्या सांध्यावर ‘टक’ असा आवाज आला.

‘तो राहू दे,’ बाबा लगेच म्हणाले.

दादरच्या त्या माणसाचा नंबर आईकडे अजून आहे. मी दीड हजारांची आरडी उघडलीये. त्याला फोन अजून केलेला नाही.

तिसऱ्या फेरीला आई हात पुसत बाहेर आली. जरा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘ही फास्ट आहे की स्लो?’