आधी गोलकीपर ठरवा!

आमच्या मांडव्याला ओहोटी लागली की किनाऱ्यावर फुटबॉल सुरू. जो सगळ्यात कच्चा, तो गोलात. मी तिथेच वाढलो! होस्टेलातही तेच. फॉरवर्डने दहा चान्स घालवले तरी चालतं, माझ्याकडून एक गोल झाला की मेसमध्ये आठवडाभर उद्धार.

मीर रंजन नेगींना तर गद्दारच ठरवलं होतं. १९८२च्या दिल्ली एशियाडची हॉकी फायनल, पाकिस्तानकडून ७-१ हार, आणि गोलात नेगी. बचावफळी कुठे होती, हे फारसं कुणी विचारलं नाही. मुंबई कस्टम्समध्ये नोकरी करणारे हेच नेगी १९९८ साली गोलकीपरांचे कोच म्हणून संघात परतले. बँकॉकला सुवर्ण मिळालं ते टायब्रेकरवर, म्हणजे गोलकीपरच्याच जिवावर! २००२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मँचेस्टरला मुली जिंकल्या, तेव्हाही ते कोचिंगमध्ये होते.

त्यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘चक दे’तला (२००७) कबीर खान मात्र पेनल्टी हुकवणारा फॉरवर्ड. सिनेमाचा नायकसुद्धा गोलकीपर नाहीच.

माझं म्हणणं, प्रॅक्टिसमधला अर्धा तास फक्त गोलकीपरला द्या. शिकवायला सीनियर गोलकीपरच बोलवा, भले तो हरलेला असो. आणि यंदा टीम निवडताना गोलात कोण, हे सगळ्यात आधी ठरवा.