श्रोत्र निर्दोष, तरीही शब्दग्रहण दुष्कर

स्वमग्न बालकाचे पालक बहुधा एक विसंगती सांगतात : नावाने हाक मारली तर मूल वळून पाहत नाही, मात्र शेजारच्या घरातील कुकरची शिट्टी ऐकताच दोन्ही कान झाकून घेते. हे ऐकून आपल्यापैकी काही वैद्य बाधिर्य, वातप्रकोप किंवा निव्वळ हट्ट असा निर्णय देऊन मोकळे होतात. प्रस्तुत लेखकास ही घाई मान्य नाही.

प्रथम श्रवणचाचणी करवून घ्यावी. बेरा ही चाचणी मूल निद्रिस्त असतानाही होते, त्यास उत्तर द्यावे लागत नाही. श्रवणशक्ती प्राकृत आढळली, तर प्रश्न ध्वनी पोहोचण्याचा नसून तो निवडण्याचा असू शकतो. आपण बोलणे ऐकताना पंख्याची घरघर आपोआप मागे पडते. अनेक स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत ती तशी पडत नाही. पंखा, रस्त्यावरील हॉर्न आणि वैद्यांचा प्रश्न एकाच पातळीवर येऊन आदळतात. काहींना स्वरांतील सूक्ष्म भेद मात्र इतरांहून अधिक चांगला कळतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत संवेदनांच्या या अतिरिक्त वा न्यून प्रतिसादाचा समावेश स्वमग्नतेच्या निकषांत केला आहे.

चरकाचार्यांनी असात्म्येंद्रियार्थसंयोगाचे अतियोग, अयोग व मिथ्यायोग असे प्रकार सांगितले, आणि मनाच्या संयोगावाचून इंद्रियास ज्ञान होत नाही असेही सांगितले. ही चौकट येथे उपयोगी आहे, कारण सात्म्य व्यक्तिपरत्वे भिन्न असते : आपणास सहज वाटणारा ध्वनी त्या बालकास अतियोग ठरू शकतो. परंतु एवढ्यावरून स्वमग्नतेची संप्राप्ती आपणास गवसली असे मानणे म्हणजे साम्याला प्रमाण समजणे होय.

चिकित्सालयात काय करावे? अशा रुग्णास गर्दीपूर्वीची वेळ द्यावी. खलबत्ता, मिक्सर व दूरदर्शन त्या वेळेपुरते बंद ठेवावेत. वाक्य लहान असावे, आणि ते उच्चारल्यावर थांबावे. उत्तर आले नाही म्हणून तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणण्याने गोंधळ वाढतो. चित्र दाखवून वा लिहून विचारल्यास अनेकदा उत्तर मिळते. अभ्यंग वा शिरोधारा करण्यापूर्वी काय होणार ते दाखवावे, आणि मूल नको म्हणत असेल तर थांबावे. कर्णपूरणाचा मोह अनेकांना होतो. कर्णपटल अखंड असल्याची खात्री केल्यावाचून ते करूच नये. आणि ध्वनीची निवड मेंदूत होत असताना कानातील तेलाने ती सुधारेल असे पालकांस सांगण्यास आधार नाही.

औषधालयांच्या चालकांसही एक विनंती आहे. फ्रान्सचे डॉ. बेरार यांनी प्रचारात आणलेल्या श्रवण-प्रशिक्षणाविषयी पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९८ मध्ये व कॉक्रेन समीक्षेने २०११ मध्ये म्हटले. त्या हेडफोनला लावलेली कसोटी आपल्या बाटलीलाही लावावी लागेल. ‘स्वमग्नता पूर्ण बरी’ असा मजकूर असलेले माहितीपत्रक गल्ल्यावर ठेवू नये. बाधिर्य बरे करण्याची जाहिरात तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने निषिद्धच आहे.

संघटनेने आपल्या एखाद्या शिबिरात श्रवणतज्ज्ञास तासभर बोलू द्यावे. त्या सत्रात स्वमग्न प्रौढ व्यक्तीसही निमंत्रण असावे. गोंगाटात काय ऐकू येते हे ती प्रत्यक्ष सांगू शकेल.