पाठिंब्याची वाट आणि पराभवाची हाकाटी

हातखंबा तिठ्यावर एक वाट मुंबईला जाते, दुसरी गोव्याला, तिसरी रत्नागिरीत उतरते. लोकशाहीतही वाटा फुटतात आणि त्या फुटल्याच पाहिजेत. परंतु राष्ट्रावर आघात होतो तेव्हा सर्वांनी एका वाटेने चालावे, एवढी अपेक्षा सामान्य नागरिक बाळगतो. १९९३ साली शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ जीव गेले. कोकण हे विसरलेले नाही.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे धर्म विचारून पर्यटकांना गोळ्या घालण्यात आल्या. मृत २६, त्यांतील सहा महाराष्ट्राचे. दोनच दिवसांनी सर्वपक्षीय बैठकीत विरोधकांनी कारवाईस पाठिंबा दिला. ७ मे रोजी सेनादलांनी दहशतवाद्यांच्या नऊ तळांवर प्रहार केला. येथवर सारे यथोचित होते. पुढे भारताची बाजू जगाला सांगण्यासाठी सात संसदीय शिष्टमंडळे निघाली, तेव्हा मात्र संजय राऊत यांना त्यांत वरात दिसली! नरसिंह रावांच्या काळात वाजपेयींच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळात आपणही होतो, याची आठवण देऊन शरद पवार यांनी आंतरराष्ट्रीय प्रश्नात स्थानिक राजकारण आणू नये, असे सुनावले. सुप्रिया सुळे एका शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. राऊतांच्याच पक्षाच्या प्रियांका चतुर्वेदी दुसऱ्यात होत्या. मग ही वरात कोणाची?

डिसेंबर २०२५ मध्ये पृथ्वीराज चव्हाण यांनी तर पहिल्याच दिवशी भारताचा पराभव झाल्याचे सांगून टाकले आणि माफीसही नकार दिला. प्रश्न विचारण्याला कोणाचाच आक्षेप नाही. विमानांची हानी झाल्याचे संरक्षणदल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनीच मे २०२५च्या अखेरीस मान्य केले होते. चूक ओळखून, ती सुधारून विमाने पुन्हा झेपावली, हेही त्यांनीच सांगितले होते. पाकिस्तानचे हवाई तळ हादरले ते त्यानंतर, १० मे रोजी. अर्धेच सत्य उचलून त्यावर पराभवाचा शिक्का मारणे ही चिकित्सा नव्हे. ते शत्रूच्या हाती दिलेले कोलीत आहे.

ज्यांच्या राजवटीत २६/११ला १६६ जणांचे बळी जाऊनही सैन्याला आदेश मिळाला नाही, त्यांनी जय-पराजयाचे निवाडे करावेत, हे नवलच! प्रतिप्रहाराचा विचार मनात आला होता, अशी कबुली चिदंबरम यांनी २०२५ मध्ये दिली. विचार मनातच राहिला.

विरोधी पक्षाने कसे वागावे, हे जनसंघाने दाखवून दिले आहे. १९७१च्या युद्धात तो इंदिरा गांधींच्या सरकारच्या पाठीशी उभा राहिला. युद्ध संपल्यावर १९७२ मध्ये सिमला कराराला त्याने कडाडून विरोध केला. रणांगणावर सैन्याला बळ आणि संसदेत सरकारला जाब, हा विवेक त्यामागे होता. आज सत्तेबाहेर असलेल्यांनी तो अंगी बाणवावा. उद्या सत्ता गेली तर आजच्या सत्ताधाऱ्यांनाही तोच नियम लागू राहील. सरकारे येतील, जातील. सीमेवरील जवानाच्या पाठीशी देश उभा आहे की नाही, हा प्रश्न मात्र कोणत्याही निवडणुकीपेक्षा मोठा आहे.