कायदा उदार, कारभार कृपण

मूल दत्तक घेण्याच्या आजच्या कायद्यात जात आडवी येत नाही, धर्म आडवा येत नाही, मुलीला मुलाहून कमी लेखले जात नाही आणि अविवाहित स्त्रीलाही आई होण्याचा अधिकार आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या समाजसुधारकाला ही स्थिती स्वप्नवत वाटली असती. तथापि हा उदार कायदा ज्या कार्यालयांच्या हातून नागरिकापर्यंत पोहोचावयाचा, त्यांचा कारभार मात्र वेळेच्या बाबतीत कमालीचा कृपण आहे. मूल हवे असलेली घरे आणि घर हवे असलेली मुले एकाच राज्यात वर्षानुवर्षे एकमेकांची वाट पाहत बसतात. या विलंबाला कायद्यातील चौकशी जबाबदार आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे; आणि अर्धवट समजातून निघालेले उपाय मुलांच्या जिवावर बेतण्याचा संभव असल्यामुळे या प्रश्नाचा नीट उलगडा होणे अगत्याचे आहे.

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसारखे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर आणावे आणि तेथे एक प्राथमिक शिक्षक व त्याची पत्नी मूल दत्तक घेण्याचा निश्चय करतात असे समजावे. पहिली पायरी सोपी आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या 'कारा'च्या, संगणकीय व्यवस्थेत नाव नोंदवावयाचे आणि जन्मतारखेचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे, प्रकृतीचे व विवाहाचे दाखले चढवावयाचे. ज्यांचा विवाह खेड्यात पंधरा वर्षांपूर्वी झाला आणि नोंदणी करण्याचे कोणाला सुचलेही नाही, त्यांची पहिली धावपळ येथेच सुरू होते. त्यानंतर गृहचौकशी. समाजकार्यकर्त्याने घरी यावे, पती-पत्नींशी एकत्र व स्वतंत्र बोलावे, मिळकत, प्रकृती, घरातील वडीलधाऱ्यांचे मत आणि दत्तक घेण्यामागचा हेतू समजून घ्यावा व अहवाल लिहावा. कार्यालयांतून आणि संस्थांतून यालाच 'होम स्टडी' म्हणतात. २०२२ च्या नियमावलीत त्यासाठी साठ दिवसांची मुदत आहे. परंतु जिल्हा बाल संरक्षण कक्ष वर्ध्याला, बाल कल्याण समितीची बैठक वर्ध्याला आणि अर्जदार मात्र समुद्रपूरला! एक दाखला अपुरा निघाला की हिंगणघाट किंवा जाममार्गे जिल्ह्याच्या गावी जावयाचे, म्हणजे शाळेची एक किरकोळ रजा आणि दिवसाचा प्रवास. ज्याची चौकशी व्हावयाची तोच कार्यालयाची चौकशी करीत फिरतो, असा हा उलटा प्रकार आहे.

वंशासाठी दत्तक, बालकासाठी दत्तक

गृहचौकशी हवीच कशाला, असा प्रश्न येथे साहजिकच विचारला जातो. आपल्या समाजात दत्तक काही नवा नाही. ज्या वर्धा जिल्ह्याचे नाव गांधीजींच्या वास्तव्यामुळे जगभर गेले, तेथे त्यांना आणणारे जमनालाल बजाज हे स्वतः दत्तक होते. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात १८८९ मध्ये जन्मलेला हा मुलगा बालपणीच वर्ध्याच्या सेठ बच्छराज यांच्या घराण्यात आला. आणि पुढे त्याच जमनालालजींनी आपणास पाचवा पुत्र मानावे अशी विनंती गांधीजींना केली. महात्मा फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी व सावित्रीबाईंनी आपला मानला. तो यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंसमवेत रुग्णसेवेस उभा राहिला. या दोन घरांची 'होम स्टडी' कोणी केली होती?

हा युक्तिवाद आकर्षक आहे, परंतु टिकणारा नाही. जुने दत्तकविधान हे मुख्यतः घराण्यासाठी होते. गादीला वारस, पितरांना पिंड आणि वतनाला धनी हवा, म्हणून मुलगा घेतला जाई. तो ज्ञात घरातून ज्ञात घरात जाई आणि देणारे आईबापच त्याचे पहिले संरक्षक असत. १९५६ च्या हिंदू दत्तकविधान व निर्वाह कायद्याने स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा व मुलीला दत्तक जाण्याचा अधिकार दिला. परंतु कुटुंबाने कुटुंबाला मूल देण्याची मूळ कल्पना कायम राहिली. आजही नात्यातील मूल त्या कायद्याखाली दत्तक घ्यावयाचे तर उभयपक्षी विधी आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदविलेला दत्तकपत्राचा दस्त एवढ्यावर काम भागते. अनाथ किंवा टाकून दिलेल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या बाजूने प्रश्न विचारणारे कोणी नसते. तो प्रश्न राज्याने विचारावयाचा असतो आणि गृहचौकशी हे त्याचे साधन आहे. आईबाप चौकशी करून मुलीला स्थळ देतात, तशीच चौकशी ज्याला आईबाप नाहीत त्याच्यासाठी सरकारने करावयाची, इतकाच तिचा अर्थ.

ही चौकशी अनुभवातून आलेली आहे. परदेशी पाठविल्या जाणाऱ्या मुलांच्या नावाने चालणाऱ्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्यावर १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी जो निकाल दिला, त्यातून आजच्या पद्धतीचा पाया घातला गेला. १९९० मध्ये 'कारा' स्थापन झाली. तरीही गैरप्रकार थांबले नाहीत. पुण्यातील एका संस्थेवरील आरोपांची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला २०१० मध्ये द्यावा लागला. तेव्हा गृहचौकशी काढून टाका ही मागणी म्हणजे कुंपण मोडून शेत मोकळे करण्याची मागणी होय. तक्रार चौकशीविरुद्ध नसून चौकशीच्या नावाखाली चाललेल्या चालढकलीविरुद्ध असली पाहिजे.

घड्याळ एकाच बाजूला

नियमावली बारकाईने वाचली तर एक विसंगती नजरेत भरते. बालकाची माहिती पाठविल्यावर पती-पत्नींनी अठ्ठेचाळीस तासांत होकार कळवावयाचा असतो. आयुष्याचा निर्णय दोन दिवसांत घ्या, असे नागरिकाला सांगणारी व्यवस्था स्वतःच्या साठ दिवसांचे सहा महिने झाले तरी कोणाला उत्तर देत नाही. गृहचौकशीच्या अहवालाची वैधता तीन वर्षांची. प्रतीक्षेचा काळ मात्र तीन ते चार वर्षांवर गेल्याची चर्चा सर्वोच्च न्यायालयातच झालेली आहे. म्हणजे मूल मिळण्यापूर्वीच अहवाल शिळा होतो आणि समुद्रपूरच्या त्या शिक्षकाच्या दारी पुन्हा तीच चौकशी, पुन्हा तेच दाखले! दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक असू नये, असे २०२२ ची नियमावली सांगते. एका वर्षाच्या विलंबाने ही बेरीज दोनाने वाढते. आईबापांच्या वयाला एवढे महत्त्व देणाऱ्या व्यवस्थेला प्रतीक्षेत सरणाऱ्या वयाचे मोल का वाटू नये?

खेड्यात या चौकशीला आणखी एक अंग आहे. शहरातील सदनिकेत कोण आले, कोण गेले, हे शेजाऱ्याला कळत नाही. लहान गावात सरकारी माणूस दाराशी आला की संध्याकाळपर्यंत ती वार्ता पारापर्यंत पोहोचते. मूल नसण्याचे दुःख ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे झाकून ठेवले, ते चव्हाट्यावर येते. आणि त्यानंतर तीन-चार वर्षे काहीच घडले नाही की 'सरकारने नाकारले वाटते' अशी कुजबूज सुरू होते. चौकशी करणाऱ्याच्या ठायी समाजशास्त्राच्या पदवीबरोबर थोडी माणुसकीही असावी लागते, ती यासाठीच.

मुलांची रांग

येथवर अर्जदारांच्या रांगेचा विचार झाला. खरी अडचण दुसऱ्या रांगेत आहे. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये सादर केलेल्या अहवालात जे आकडे दिले, ते विचार करावयास लावणारे आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये २७,९३९ अर्जदार 'कारा'कडे नोंदलेले होते. बालगृहांत दत्तक जाण्यायोग्य समजली गेलेली मुले होती ६,९९६. परंतु बाल कल्याण समित्यांनी विधिदृष्ट्या मुक्त ठरविलेली मुले होती अवघी २,४३०. २०२१-२२ या वर्षात प्रत्यक्षात दत्तक गेलेली मुले ३,१७५. म्हणजे जी मुले योग्य समजली गेली त्यांतीलही जवळजवळ दोनतृतीयांश मुले कागदपत्रांअभावी अडून राहिली होती.

कायद्याने येथेही मुदती घातलेल्या आहेत. आईबापांनी स्वतः मूल स्वाधीन केले तर फेरविचारासाठी त्यांना साठ दिवस मिळतात. टाकून दिलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत बाल कल्याण समितीने निर्णय द्यावा, असे २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो. पोलिसांचा शोध-अहवाल येत नाही, समितीतील जागा रिकामी राहते, बैठक पुढे जाते. आणि या साऱ्या काळात मूल वाढत असते. बहुसंख्य अर्जदारांना तान्हे मूल हवे असते. दीड वर्षाचे असताना संस्थेत आलेले मूल सहा वर्षांचे झाल्यावर 'मुक्त' झाले, तर त्या मुक्तीचा त्याला उपयोग काय? त्याला कोणी नाकारलेले नसते. कार्यालयाने त्याला नाकारले जाण्याच्या वयापर्यंत नेऊन पोहोचविलेले असते. अपंग मुलांची अवस्था तर याहूनही बिकट. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे अशा बेवारस मुलांना स्वतःचे नाव देणाऱ्या शंकरबाबा पापळकरांना २०२४ मध्ये पद्मश्री देऊन शासनाने गौरविले. व्यक्तीचा गौरव झाला; परंतु जे काम व्यवस्थेने करावयाचे, ते एका वृद्ध माणसाच्या खांद्यावर पडले होते याची खंतही त्या गौरवात असावयास हवी.

विलंबाचा आणखी एक परिणाम सर्वांत भयंकर आहे. सरळ रस्ता चार वर्षांचा झाला की आडवाटेचे दलाल पुढे येतात. नियमबाह्य दत्तकासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही आणि मुलांच्या खरेदी-विक्रीसाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व दंड, अशा शिक्षा कायद्यात आहेत. त्या असल्याच पाहिजेत. परंतु सरकारी दार वेळेवर उघडले असते तर त्या दलालाकडे किती जण गेले असते, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

विलंब अटळ नाही

विलंब कमी करण्यासाठी २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून काढून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दिला आणि ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली. लगोलग प्रलंबित प्रकरणांचे काय, असा नवा गोंधळ उडाला आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्यांच्या वर्गीकरणास अंतरिम स्थगिती द्यावी लागली. वस्तुतः आदेश दोन महिन्यांत व्हावा, ही तरतूद पूर्वीपासूनच होती. सही कोणाची, हा प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे. प्रकरणे अडतात ती पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यांवर.

ते टप्पे हलू शकतात, याचा पुरावाही समोर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना फैलावर घेतले. देशातील ७६० पैकी केवळ ३९० जिल्ह्यांत विशेष दत्तक संस्था असल्याचे तेथे स्पष्ट झाले. प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था असावी आणि दर दोन महिन्यांनी मोहीम काढून अनाथ, परित्यक्त व स्वाधीन केलेल्या मुलांची नोंद करावी, असा आदेश झाला. २०२४-२५ मध्ये ८,५९८ मुले नव्याने नोंदली गेली आणि ४,५१५ दत्तकविधाने झाली. त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. बारा वर्षांतील हा उच्चांक. मुले तीच होती, कायदा तोच होता. बदलला होता तो तगादा. सर्वोच्च न्यायालयाने तगादा लावल्यावर जे होते, ते जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतल्यास का होऊ नये?

त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. अर्ज पूर्ण झाल्याच्या तारखेची पोच अर्जदाराला मिळावी आणि साठ दिवस उलटताच कारण लेखी कळविण्याचे बंधन असावे. जातीच्या व रहिवासाच्या दाखल्यांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याची जी कसोटी लागते, तीच गृहचौकशीला लावावी. बाल संरक्षण कक्षातील कर्मचारी कंत्राटी मानधनावर राबतात. बालविवाह रोखणे, हरवलेली मुले शोधणे आणि बालसंगोपनाची प्रकरणे तयार करणे हे सारे त्यांच्याच माथी. या पदांना स्थैर्य द्यावे. नामिकेवरील समाजकार्यकर्त्यांची तरतूद नियमांत आहेच. नागपूर-वर्ध्याच्या समाजकार्य महाविद्यालयांतून शिकून निघालेल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन तालुकावार नेमले, तर समुद्रपूरची चौकशी वर्ध्याहून गाडी मिळेपर्यंत खोळंबणार नाही. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दरमहा बैठक व्हावी, ही संसदीय समितीची सूचना प्रत्येक जिल्ह्याने अमलात आणून, किती मुले किती दिवसांपासून कोणत्या कागदासाठी अडली आहेत, ते आकडे, नावे गुप्त ठेवून, जाहीर करावेत.

दत्तकविधानांच्या संख्येत महाराष्ट्र अनेक वर्षे देशात अग्रेसर राहिलेला आहे. हा लौकिक राज्याला फुल्यांच्या घरापासूनच्या परंपरेने मिळाला, कार्यालयांच्या तत्परतेने नव्हे. मोठ्या माणसांना चार वर्षांची प्रतीक्षा कष्टाने का होईना सोसता येते. संस्थेच्या पाळण्यातील मुलाला मात्र ती चार वर्षे म्हणजे त्याचे सारे आयुष्य असते. त्याच्या फाइलीवर बसणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढा हिशेब तरी ध्यानी ठेवावा.