मोटार पाहावी भाद्रपदात

दिवाळीचा पाडवा साडेतीन मुहूर्तांत गणला जातो. त्या दिवशी सोने घ्यावे, वह्यांची पूजा करावी ही जुनी रीत. अलीकडे मध्यमवर्गीय घरांत तिच्यात मोटारीची भर पडली आहे. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे. माझे म्हणणे एवढेच, की मोटार कार्तिकात घ्यावी, पण पाहावी भाद्रपदात. कार्तिकात रस्ते कोरडे असतात, आणि कोरड्या रस्त्यावर कुठलीही मोटार गुणीच वाटते.

गेल्या वर्षी आमच्या घरी याच विषयावर दीड महिना खल चालला होता. चिरंजीव पुण्यास शिकतात. ते मित्रांबरोबर मनालीस जाऊन आले आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी उंच, दांडगी गाडीच घ्यायची असा हट्ट धरून बसले. 2020 च्या ऑक्टोबरात रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, तेव्हापासून आपल्याकडची मंडळीही भर हिवाळ्यात तिकडे जाऊ लागली आहेत. बर्फ पडला, की पोलीस पुष्कळदा तसल्या गाड्या किंवा चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्याच पुढे सोडतात.

"पण हिंगोलीत बर्फ कुठला?" सौ. म्हणाली.

"काळी माती तर आहे ना? पावसाळ्यात आजीला आणायचं झालं तर काय करणार?"

यावर सगळेच गप्प झालो. माझी आई सेनगाव तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आखाड्यावर राहते. वय शहात्तर, दम्याचा विकार, दवाखाना हिंगोलीत. शहरात जीव गुदमरतो म्हणून ती आमच्याकडे राहायला तयार नाही. मधली दोन किलोमीटर निव्वळ पांदण आहे.

ही आमची माती म्हणजे अजब चीज आहे. काळ्या दगडापासून झालेली ही चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात गुडघाभर राडा. चपलेला चिकटली, तर एकेक पाय शेर-दोन शेरांनी जड होतो. टायरचेही तेच होते. खाचा चिखलाने भरल्या, की नवा टायर टकल्यासारखा गुळगुळीत होतो.

माझी एक भाची जर्मनीत म्युनिकला असते. तिला विचारले, तर तिची मोटार अगदी साधी, पुढच्या दोन चाकांवर चालणारी. दर ऑक्टोबरात ती टायर तेवढे बदलते आणि ईस्टरनंतर पुन्हा बदलते. बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर हवेत असा तिथे कायदाच आहे. सात अंशांखाली साधे रबर कडक होते, हिवाळी रबर मऊ राहते. शिवाय त्याच्या बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात, आणि बर्फाला बर्फ धरतो. चिखलाचे उलटे आहे. चिखलाला चिखल धरत नाही, घसरतो. म्हणून चिखलाच्या टायरला रुंद खाचा लागतात, धरलेला चिखल भिरकावून देण्यासाठी.

दुसरी गोष्ट एका जुन्या मिस्त्रींनी समजावली. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर सोप्या वाटेने जातो. एक चाक चिखलात रुतले, की तेच गरगरते आणि घट्ट जमिनीवरचे दुसरे शेजारी स्वस्थ उभे राहते. चार चाकांना जोर देणारी गाडी यातून पुष्कळदा निघते, हे खरे. "पण सर, ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही," ते म्हणाले. ब्रेक तर प्रत्येकच मोटारीला चारही चाकांना असतात. घसरड्या उतारावर दांडगी गाडीही तशीच घरंगळते, उलट जडपणामुळे आवरायला अवघड. आणि पुलावरून पाणी वाहत असेल, तर कुठल्याच गाडीने पुढे जाऊ नये. फूटभर वाहते पाणीही लहान मोटार उचलू शकते.

मग आम्ही हिशेब मांडला. वर्षातले साडेअकरा महिने आमची धाव घर, कॉलेज, बाजार, औंढा नागनाथ, फार तर नांदेड. पांदण पूर्ण बंद होते ती पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांसाठी साडेअकरा महिने जास्तीचे पेट्रोल जाळायचे का? अखेर पोट जरा उंच असलेली, पुढच्या चाकांवर चालणारी साधी मोटार घेतली. इंजिनाचा भार जोराच्या चाकांवरच असल्याने ती हलक्या चिखलातून निघते. दोन गाड्यांच्या किमतींत जो फरक उरला, त्यातले काही पैसे आम्ही पांदणीसाठी बाजूला ठेवले.

या श्रावणात एका रात्री अकराला आखाड्यावरून फोन आला, आईला धाप लागली आहे. पाऊस कोसळत होता. शेजारच्या आखाड्यावरच्या मामांनी जुनी लाकडी चाकांची गाडी जुंपली. लोखंडी धावेचे ते उंच, अरुंद चाक राडा कापत खालच्या घट्ट थराला टेकते. आम्ही मोटार घेऊन फाट्यावर उभे होतो. बैलगाडी यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी कसा काढला ते माझे मला ठाऊक. आई वाचली. पण चिरंजीव त्या रात्री एकच वाक्य बोलले: "बाबा, आणखी उशीर झाला असता तर?"

याला मोटारीत उत्तर नाही, रस्त्यातच आहे. 2021 साली शासनाने शेत-पांदण रस्त्यांसाठी जी योजना काढली, तिचे नावच मातोश्री! आखाड्यांवरच्या सहा घरांनी मिळून ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. मंजुरीची वाट न पाहता दोन्ही बाजूंनी चर खणायला वाफसा होताच सुरुवात केली. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला, तर ती तो गिळते. आधी पाणी काढावे, मग भराव, दगड आणि शेवटी मुरूम. चिरंजीव सुट्टीत कुदळ घेऊन आले होते, हातांना फोड आले तरी कुरकुर केली नाही.

वाचकहो, या पाडव्याला मोटार जरूर घ्या, पेढेही वाटा. मात्र दुकानदाराला वेग आणि रंग विचारण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, की आपल्या वाटेवरचे सगळ्यांत वाईट पंधरा दिवस कोणते, आणि त्या दिवसांत कुणाला आणायचे आहे.